एकतीस मार्चच्या आधी

ग्रँटचे सतराशे चाळीस रुपये उरलेत.
निखाडे म्हणतात, सर, आजच लिहून द्या,
उद्या पैसे परत जातात, मग तुम्ही, मी
आणि हे अर्धं रिकामं कपाट.

नागपूरच्या दुकानाचं कोटेशन टेबलावर. सिंदेवाहीत लाइट नाही.
रोमँटिक काळावरची दोन पुस्तकं;
दोन्ही मी दुकानात उभ्यानं चाळलीत, मालक खोकेपर्यंत.

एक जाड. सोळाशे पंच्याण्णव.
पानाच्या गळ्यापर्यंत चढलेल्या तळटीपा,
आणि चौथं प्रकरण, चाळीस पानं, 'उदात्त' या एका शब्दावर :
भ्यावं आणि तरी बघत राहावं, ते काय असतं.
माझी पीएच.डी. सहा वर्षं याच प्रकरणापाशी बसलीय,
रस्त्यात म्हैस बसावी तशी.

दुसरं बारीक. आठशे दहा.
कवी ज्या माळावर फिरायला गेले
त्याला कुंपण कोणी घातलं, याचा हिशोब.
काटक्या वेचणाऱ्या बाया
एका कायद्यानं चोर कशा झाल्या.

मी जाडावर टिक केली. पेन घरंगळत खाली गेलं.

ते उचललं सुकेशिनी गेडामनं, दारातून आत येता येता.
बोटं चिकट, ओढणीला मोहाचा वास.
"सर, पुस्तक आनाले उशीर झाला जी,
सकारी मोहं येचाले जातो ना.
काल आमच्या बांधीत वाघ बसून होता.
भेव तं लागे, पन नजर हटे ना.
आन परतताना गार्डानं मायची मोळी ठेवून घेतली."

एवढंच. दंड दोन रुपये,
निखाड्यांनी घेतला नाही.

जाड पुस्तकात तिची सकाळ आहे,
बारक्यात तिच्या मायची मोळी.
सतराशे चाळीसमध्ये
मी तिचं कोणतं अर्धं मागवू?

टिक खोडली. बारीक लिहिलं, दोन प्रती.
(एक माझ्याच घरी राहणार, हे आधीच कबूल करतो.)
त्या चाळीस पानांचं मग असं करू :
तिलाच वर्गात विचारीन,
वाघ किती वेळ बसला, तू किती वेळ उभी होतीस,
आधी पाय थांबले की डोळे,
आणि टिपून घेईन.
इंग्रजीत काय म्हणतात ते नंतर बघू.

"खाडाखोडीवर सही लागते सर, ऑडिटला."

केली.
पेन अजून बोटांना चिकटतंय.