बजावणी

कायदा शिकायचाय म्हणालीस, आफरीन,
तर बस. चहा घे.
मी वकील नव्हे. बेलिफ होतो.
चौतीस वर्षं सायकलवरून समन्स वाटली,
उचगाव ते वडणगे,
आणि एकाही माणसानं मला बघून
या, बसा, म्हटलं नाही.

बारावीनंतरची ती प्रवेश परीक्षा, पाच वर्षं, सनद,
ते सगळं तुझ्या मॅडम सांगतील.
मी सांगतो ते पुस्तकात नाही.
म्हणजे असेलही, मी वाचलेलं नाही.

आधी घरातला कागद वाच.
लाइट बिलाची मागची बाजू.
अब्बांच्या दुकानाचा भाडेकरार,
त्यातलं ‘सबब’, त्यातलं ‘सदरहू’,
कुणी कुणाला काय लिहून दिलंय
आणि सही कुठं राहिलीय.
तुमच्या गल्लीतला दिवा जानेवारीपासून बंद आहे ना?
अर्ज लिही. एक पान, त्याहून जास्त नको.
महापालिकेत नेऊन दे, आणि दुसऱ्या प्रतीवर
शिक्का पडल्याशिवाय खिडकी सोडू नको.
बाई जेवायला गेल्यात म्हणतील. थांब.
ते थांबणं म्हणजे निम्मी वकिली.

सुट्टीत बावड्याला कोर्टात जा.
मागच्या बाकावर कुणीही बसू शकतं.
दारातला शिपाई विचारेल, कोण गं तू?
म्हण, ऐकायला आलेय.
मोबाइल बंद.
जो मोठ्यानं बोलतो त्याच्याकडं बघू नको,
साक्षीदाराचे हात बघ.
आणि घरी येऊन, ज्याचं तुला अजिबात पटलं नाही
त्याची बाजू वहीत लिही,
अशी, की त्यालाही वाटावं,
व्हय, हेच म्हणायचं होतं मला.

तुला जमेल ते.
महापुरानंतर सुतारवाड्यात पंचनामा चालला होता,
तू एवढीशी, पायात दोन वेगळ्या चपला.
साहेबांनी लिहिलं, पंखा एक, नादुरुस्त.
तू म्हणालीस, पंखा नाही, मोटर लिहा.
धार लावायची मोटर.
पंख्यावर आमचं पोट नाही.
साहेबांनी खोडलं.
सरकारी कागदावरची खाडाखोड
मी तेवढी एकदाच खुशीनं बघितली.

आता एक माझं.
लक्षतीर्थ वसाहतीत हौसाबाई म्हणून होती.
मी समन्स दिलं, तिनं अंगठा दिला,
कागद उलटाच धरून कपाळाला लावला,
घरकुलाच्या यादीत नाव आलं वाटतं, म्हणाली,
आणि देव्हाऱ्यात कोयरीशेजारी ठेवून दिला.
मला पाणी दिलं. गूळ दिला.
(मघाशी म्हणालो, कुणी बसा म्हटलं नाही.
ते खोटं होतं.)
तारखेला ती आली नाही.
हुकूमनामा एकतर्फी झाला.
ताबा घ्यायलाही मीच गेलो.
कागद तिथंच होता,
कडेला समईच्या तेलाचा डाग.

वाचून दाखवणं माझ्या कामात बसत नव्हतं.
असं मी बायकोला सांगितलं. पोरांना सांगितलं.
तुलाही तेच सांगून
पुढं शिक्षणकर्जाचं बोलणार होतो.

तू बशी खाली ठेवलीस.
विचारलंस, तिला वाचता येत नाही
हे तुम्हाला त्याच दिवशी कळलं होतं?
व्हय.
मग तारखेच्या आधी परत गेला होता का?

मी सायकलीकडं बघत राहिलो,
अजून भिंतीला टेकवून आहे, हवा नाही.
तू घाई केली नाहीस.
वही उघडलीस, वर तारीख टाकलीस,
म्हणालीस, काका,
पूर्ण नाव सांगा त्यांचं.
घर नंबर आठवतो?

आठवतो.