बर्फाची फेरी

दुपारी चारला मी करवत पुसतो.
लादी एकशे पस्तीस किलोची, काचेसारखी.
आत एक बुडबुडा दिसला तरी
आमचे म्हातारे मालक जिभेने टक् करायचे.
आता मालक नाहीत. टक् मीच करतो.

ओसाकाच्या दक्षिणेला, कालव्यामागे एक इमारत आहे.
खाली बंद पडलेलं पाचिंकोचं दुकान,
वर तीन मजल्यांवर सदतीस बार,
एकेक न्हाणीघराएवढा.
लिफ्ट चालत नाही. बर्फ पाठीवर.
दिवे लागायच्या आत सगळीकडे पोचायचं,
म्हणून ही सगळी सोंगं
मला रंग फासण्याआधीची ठाऊक आहेत.

पहिला, तुरुंग.
बेड्या घालून गजांआड प्यायचं, तासाला आठशे येन.
जेलर साकुमा आत्ता गुडघ्यांवर बसून
संडास घासतोय, दातांत काडी.
"चार किलो दे," म्हणतो, "शनिवार आहे, कैदी वाढतील."
शेजारच्या बारमध्ये बोलायला बंदी.
तिथली बाई दुपारभर फोनवर आईशी भांडते.
मी दार ढकललं की ओठांवर बोट ठेवते,
मला गप्प करते
आणि स्वतः पुन्हा सुरू.

वर एक बुडालेलं जहाज. भिंती तिरक्या, स्टुलंही;
नवखा माणूस न पिताच झिंगतो.
एक फक्त डावखुऱ्यांसाठी.
आणि एक असा, जिथे गिऱ्हाइकांनी ग्लास भरायचे
आणि मालकाने समोर बसून आपलं रडगाणं गायचं.
बर्फ तिथे सगळ्यात जास्त लागतो. का, कुणास ठाऊक.

शेवटी इस्पितळ.
हिरवा पडदा, लोखंडी पलंग,
सलाइनच्या बाटलीतून लिंबाची दारू,
गोळ्यांच्या ट्रेमध्ये शेंगदाणे.
येणाऱ्या प्रत्येकाला पेशंटचा झगा.
चिझुरुबाई पांढऱ्या टोपीत, साठी उलटलेली.
नर्स म्हातारी म्हणून पोरं हसतात, फोटो काढतात.
ती त्यांची नाडी बघते
छातीवर उलटं टांगलेलं घड्याळ न्याहाळत,
आकडा सांगते.
आकडा खरा असतो. पोरांना ते माहीत नसतं.

फेब्रुवारीत एका रात्री त्यांचा फ्रीज बसला,
मला दुसरी खेप पडली.
मी दारात, पाठीवर सहा किलो,
आणि पाइप विकणारे तोकुनागा
पलंगावरून घसरून खाली आले.
टाळ्या पडल्या.
कुणीतरी म्हणालं, वा, काय जमलंय!
चिझुरुबाईंनी टोपी काढून फेकली
तेव्हा मला कळलं.

दोन्ही तळवे छातीवर, कोपरं ताठ,
मोठ्याने मोजत, तीसपर्यंत, पुन्हा एकपासून.
साकुमा जेलरच्या गणवेशात धावत आला,
मागून दोन कैदी, बेड्यांसकट.
एक परदेशी पोरगा अजून फोन धरून हसतच होता.
मग रुग्णवाहिकेची माणसं जिना चढून आली,
दारात थबकली.
सलाइन, पलंग, झग्यातले अकरा जण.
त्यातल्या धाकट्याने विचारलं,
"पेशंट कोणता?"

तोकुनागा वाचले.
हल्ली जवाचा चहा घेतात, पण सलाइनमधूनच.

त्या रात्री सगळे गेल्यावर
चिझुरुबाईंची मनगटं सुजली होती.
मी लादीची कड फोडली, टॉवेलात गुंडाळली, धरून बसलो.
म्हणतात, सगळी सोंगं आणता येतात,
पैशाचं तेवढं आणता येत नाही.
गारव्याचंही नाही येत, हे मी माझ्या धंद्यावरून सांगतो.
कुठल्या वॉर्डात होता, विचारलं नाही.
त्याच म्हणाल्या, "तिथे कुणी हसायचं नाही रे.
म्हणून हे काढलं."
मग म्हणाल्या, "फार गार आहे, जरा सरकव."

दुसऱ्या दिवशी चारला करवत, लादी, जिना.
टोपी परत डोक्यावर.
एक पिन कमी होती;
ती मला आठवड्याने सापडली,
माझ्याच बर्फाच्या पेटीत, तळाशी.