पाणी जोखताना

बाहेर उणे अठ्ठावीस. व्हॅनपासून दारापर्यंत
होज पसरलेला, धापा टाकत, वाफाळत.
विनिपेगच्या त्या वृद्धाश्रमात, दुसऱ्या मजल्यावर,
ऑरेस्टने कॉरिडॉरच्या बरोब्बर मधून
निळी चिकटपट्टी ओढली,
भावाभावांच्या वाटणीसारखी.
म्हणाला, आज दोघांचं पाणी जोखायचं.

डावीकडे स्टीलचं धूड. तीन हात पोटाशी धरून
मिनिटाला दीडशे गिरक्या,
पाणी व्हॅनमधून, उकळायच्या बेतात आलेलं.
उजवीकडे पिवळ्या प्लॅस्टिकचं, हलकं,
पाच तोंडांचं, अडीचशे गिरक्यांचं,
भिंतीतल्या साध्या प्लगवर चालणारं.
विकायला आलेले पेनरसाहेब
दोन्हींबद्दल सारख्याच भक्तीने बोलत.
कमिशन सारखं असावं.

मला कोणी विचारलं नव्हतं.
बारा वर्षं मी वाँड ओढते आहे,
पुढे फवारा, मागे ओढ,
पुढे फवारा, मागे ओढ.
कोट खुंटीला अडकवायचा झाला
तर उजवा खांदा आता डाव्याला हाक मारतो.

डावं सुरू केलं, तर तेच मला घेऊन निघालं.
हँडल उचललं की उजवीकडे, दाबलं की डावीकडे.
त्याला ढकलायचं नसतं, सुचवायचं असतं.
हे कळेस्तोवर बारा नंबरच्या दाराला
एक दणका बसला.
"या, आत या," आतून आवाज आला.

त्या मिसेस थॉर्लाक्सन. वय ब्याण्णव.
चाकाची खुर्ची उंबऱ्याशी आणून
त्यांनी डोळे मिटले आणि नुसतं ऐकलं.
"डावं चांगलं. आमच्या गोठ्यात
साय वेगळी काढायचं यंत्र होतं, तसं गुणगुणतं.
चक्र जड असलं की गुणगुणतं.
उजवं कुरकुरतं."
पेनरसाहेबांनी हे वहीत लिहून घेतलं.

मग टाक्यांतलं पाणी जॅमच्या दोन बरण्यांत.
डावीकडचं कॉफी, उजवीकडचं चहा.
"बघा!" पेनर म्हणाले.
"काळं आहे खरं," ऑरेस्ट म्हणाला,
"पण मळ जास्त निघाला, की पाणी कमी पडलं?"
हा माणूस बटाटेसुद्धा
एकेक उजेडात धरून घेतो.
मी पांढरा टॉवेल घेऊन गुडघ्यांवर बसले.
डावी बाजू ओलसर. उजवी चपचपीत.
पण उजवं मी एकटीने जिन्यावरून वर आणलं होतं.
डाव्याला दोन माणसं लागली
आणि युक्रेनियनमधली एक शिवी.

सात नंबरपासून खिडकीपर्यंतची करडी वाट
मात्र कुणालाच हलेना.
पट्टी तिरकी ओलांडून जाणारी, त्यामुळे
दोघांच्याही वाट्याला आलेली.
डाव्याने तीनदा, उजव्याने पाचदा.
तो मळ नव्हताच. धागाच झिजलेला,
उजेड त्याच्यावर नीट बसत नाही.
मिस्टर कुझिक, नर्स म्हणाली.
दिवसभर जायचे-यायचे.
खिडकीतून पार्किंग दिसतं,
गाडी कुणाची आली ते कळतं.
आता सात नंबरमध्ये दुसरे आहेत.
"याला औषध नाही," पेनर म्हणाले, "नवं कार्पेट."
ऑरेस्टने उजवं बंद केलं.
वायर तापली होती.

"मिंडा, तुला कुठलं?"
बारा वर्षांत पहिल्यांदा.
मी खांद्याला विचारलं, तो म्हणाला, डावं.
पाठीला विचारलं, ती म्हणाली,
जिने कोण तुझा बाप चढवणार?
अठ्ठेचाळीस हप्ते म्हटल्यावर
दोघंही गप्प बसले.
"शुक्रवारी सांगतो," ऑरेस्ट म्हणाला.
पेनरसाहेबांनी कॅलेंडर काढलं,
कुठला शुक्रवार ते विचारलं.

सगळं आवरल्यावर चिकटपट्टी उपटली,
तर खाली दोन बोटं रुंद मळकी रेघ
या टोकापासून त्या टोकापर्यंत.
ना डाव्याची, ना उजव्याची.
मी व्हॅनमधून जुनं वाँड आणलं.
पुढे फवारा, मागे ओढ.

"आणि हा कसला आवाज?" मिसेस थॉर्लाक्सननी विचारलं,
डोळे मिटलेलेच.
हा त्याचा नाही, मी म्हणाले.
हा माझा.