डावरी कात्री

केटरिंगला फेब्रुवारी म्हणजे
करड्या पत्र्यावर करडा पाऊस
आणि कुंपणापलीकडून मिस्टर पार्जिटर:
"छाटताय, की गोंजारताय?"

उजव्या हातात कात्री धरून
मी गुलाबाची फांदी कापत होते.
कापली जात नव्हती, चेमटत होती.
सालीचे धागे लोंबत होते ओल्या सुतळीसारखे.
अशा जखमेतून मर खाली उतरते,
हे पुस्तकानं मला सांगितलं होतं,
हाताला नाही.

दुसऱ्या दिवशी फळीच्या फटीतून
बिस्किटांचा डबा आला.
डब्यात तेलकट फडकं, फडक्यात कात्री,
लाल मूठ, पातं उलट्या अंगाला.
"मॉरीनची. ती डावरी होती.
तुम्हीही आहात.
कपडे वाळत घालताना पाहिलंय,
चिमटा डाव्या हातात असतो तुमच्या."

बावन्न वर्षांत हे कुणी
गुन्हा नसल्यासारखं म्हटलं नव्हतं.

अकोल्याला आमच्या पानात डावं-उजवं असायचं.
डावीकडे मीठ, लिंबू, चटणी,
उजवीकडे भाजी,
आणि हात मात्र एकच.
दुसऱ्यावर आईची पळी बसायची.
तीर्थ उजव्यानं, हळदीकुंकू उजव्यानं,
पाटीवरचा श्रीसुद्धा.
हळूहळू तो हात
पाहुण्यांसमोर न आणायच्या नातेवाइकासारखा
पदराआड राहायला शिकला.
दोरीवर कपडे टाकायला तेवढा बाहेर यायचा.

लाल मुठीवर अंगठ्यापाशी खळगा पडलाय.
मॉरीनचा अंगठा लांब असावा,
माझा अलीकडेच टेकतो.
पण पातं, काय सांगू,
डोळ्याच्या पाव इंच वर, उतार बाहेरच्या अंगाला,
टक्.
कापलेल्या तोंडावर हिरवट-पांढरी टिकली,
एक धागा नाही.
टक्. टक्.
उजवा हात, चाळीस वर्षं शहाणा झालेला,
कोटाच्या खिशात नुसता बसून होता.

माझी आठ झाडं दोन दिवसांत संपली.
हायड्रेंजियाची सुकी डोकीही घेतली असती,
पण पार्जिटर म्हणाले, "राहू द्या.
मार्चपर्यंत टोपी लागते त्यांना."
मग स्वतःच्या बागेकडे न बघता,
"आमच्या बाजूचे सहा वर्षं तसेच आहेत.
मला ती कात्री चालतच नाही."

काटे बाहीत शिरून चौकशी करत होते.
भिंतीलगतच्या झाडाच्या बुडातून
एक सरळसोट काठी आलेली,
पोपटी, बारीक काट्यांची, मोठ्या रुबाबात.
"ही मॉरीनची नाही. खुंटाची आहे.
कापली तर चार येतील.
उपटायची."

माती उकरली. डाव्या हातानं धरली.
डाव्या हाताचा मळ म्हणतात ना,
तसलं काही नव्हतं ते.
दोनदा घसरले, गुडघे चिकणमातीत,
तिसऱ्यांदा सुटली ती
सालीचा तुकडा घेऊन, दाढेसारखी.

खाली गाठ होती.
मुठीएवढी, सुरकुतलेली.
"त्र्याऐंशीचा जुलै," पार्जिटर म्हणाले,
"इथेच पोटावर झोपून तिनं केलं.
दाढीचं ब्लेड माझं,
वर बांधायला मोज्यातलं इलॅस्टिक, तेही माझंच."

मी म्हटलं, आमच्या भाषेत याला
डोळा भरणं म्हणतात.
त्यांनी बराच वेळ गाठीकडे पाहिलं.
"कुठला?" विचारलं. "डावा?"

मी गाठीवर माती ओढून घेतली.

बिस्किटांचा डबा अजून माझ्याकडेच आहे.
रिकामा कसा परत करायचा?