एक नंबर मोठा

बूट घ्यायला संध्याकाळी ये, इरिसबेक म्हणाला होता,
सकाळचे पाय खोटं बोलतात.

म्हणून दिवसभर उभी राहून,
चाळीस जणांचं जेवण उरकून
गेले काराकोलच्या बाजारात,
कंटेनरांच्या त्या शेवटच्या रांगेत,
जिथे परक्यांनी टाकून दिलेले बूट
धुऊन, नाड्या बदलून
जोडीजोडीनं टांगलेले असतात.

बारा उन्हाळे मी खिंडींच्या पायथ्याशी भात शिजवला.
लोक वरून लंगडत यायचे, मोजे सोलायचे,
मी गरम पाण्याचं घमेलं पुढे सरकवायची.
त्यांचे देश आठवत नाहीत आता.
फोड आठवतात.
टाचेवरचे, नाण्याएवढे.
करंगळीचे, पिकल्या द्राक्षासारखे.
एकाच्या दोन्ही अंगठ्यांची नखं काळीठिक्कर,
उतारावर बूट आखूड पडला होता,
आणि तो हसत होता, वेडा,
पुन्हा जाणार म्हणत होता.

यंदा मी जाणार आहे.
एकोणीस दिवस. भाचीबरोबर. पातेल्यांशिवाय.

"कोण पाठवतंय तुला?"
कोणी नाही.
"मग पैसे कोण देणार?"
मीच.
इरिसबेक जरा वेळ नुसती नाडी ओवत बसला.

पहिला जोड उंच, घोट्याच्या वर जाड कातडं.
शेजारणीच्या जर्दाळूंच्या तराजूत टाकला :
एकेक आठशे ग्रॅम.
"पाठीवरचं ओझं उतरवता येतं," तो म्हणाला,
"हे पावलागणिक उचलायचं आहे."
दुसऱ्याला पाणी लागत नाही म्हणे.
पण मी त्या नद्यांना ओळखते,
बर्फ वितळलं की दुपारी त्या मांडीला येतात,
आणि ज्या बुटात पाणी शिरत नाही
त्यातून शिरलेलं पाणी निघतही नाही.

तिसऱ्यात हात घातला
तर आत कोणीतरी होतं.
बोटांचे पाच खड्डे. टाचेची वाटी.
डावी कड जास्त दबलेली.
बाई असावी, माझ्याच बांध्याची,
थोडी कलून चालणारी.
मी हात लगेच काढला नाही.

"आतली गादी बदलून देतो," इरिसबेक म्हणाला,
आणि जुन्या नमद्याचा तुकडा कापायला घेतला.
"नंबर?"
अडतीस.
"अडतीस तुझ्या लग्नात होता. एकोणचाळीस घाल."

लग्नातले बूट फार देखणे होते.
उजव्या पायाचं कुरूप त्यांचंच.

त्यानं दाराबाहेर एक फळी तिरकी टेकवली.
उतर. बोटं पुढे आपटली?
नाही.
चढ. टाच उचलली?
किंचित.
"उंटाच्या लोकरीचा मोजा घाल, भरून निघेल.
आणि नदीसाठी आईचे कलोश ने."

आईचे कलोश उंबऱ्याशी असतात,
काळं रबर, आत लाल अस्तर.
त्यांवर तिनं चाळीस वर्षं मेंढरं हाकली,
आणि तिच्या पायाला घट्टा नाही, भेग नाही.
तिला मी अजून काही सांगितलेलं नाही.

रात्री दिवा न लावता
आठ किलो पिठाची पिशवी पाठीला बांधून
स्वयंपाकघरात फेऱ्या मारत होते.
नवा नमदा करकरत होता.

पलंगावरून आवाज आला, "कोण आलंय?"
मी आहे, आई.
"नाही," ती म्हणाली. "बुरुलचा टाच ओढत चालते."

मी थांबले.
पिठाचा पट्टा खांद्यात रुतत होता.

मग पुन्हा चालू लागले,
दारापासून चुलीपर्यंत, चुलीपासून दारापर्यंत,
आणि ती अंधारात
कान देऊन ऐकत राहिली.