चोरखिसा

नुऐमियाच्या गल्लीत, बर्फवाल्याच्या शेजारी
आमचं दुकान. दोन मशिनी, एक इस्त्री,
मापांची वही सुतळीला लटकलेली.
उजवीकडे मी, डावीकडे मीरपूरचा गुलफराज.
अकरा वर्षं एकच कात्री.
बातम्या लागल्या की दोघंही
पेडल दाबून धरतो,
म्हणजे काही ऐकू येत नाही.

दोन हिवाळ्यांपूर्वी म्लेहाच्या वाळूत
अंतराळातल्या एका मालिकेचं शूटिंग आलं.
जुमाना नावाची बाई कापडाचे तागे टाकून म्हणाली,
तीनशे शत्रू हवेत, गुरुवारपर्यंत.
चित्र दाखवलं: राखाडी, गळ्यापर्यंत बंद,
तोंडाच्या जागी जाळी.
"खिसे?" मी विचारलं, सवयीनं.
"शत्रूला कशाला खिसे?"
पृथ्वीवाल्यांच्या गणवेशाला मात्र सात होते,
पेनासाठी वेगळा.

शत्रू आले ते अल जुर्फच्या कँपातून.
साठ दिरहॅम रोज, जेवण वेगळं.
मापं घेताना कळलं,
शत्रूचा एक खांदा उतरलेला असतो, गोणी वाहून.
शत्रूला गुदगुल्या होतात.
टेकबहादूर नावाचा एक, पाल्प्याचा,
छाती मोजताना श्वास धरून ठेवायचा.
सोड रे, मरशील, मी म्हणायचो.
पुढे सहा भागांत तो नऊ वेळा मेला.

मग लेखक बदलला म्हणे.
रात्री नऊला, शटर अर्धं खाली असताना जुमाना आली.
शत्रूला आता तोंड उघडायचंय, जेवायचंय,
एक अख्खा भाग त्यांच्याच खंदकात.
"आणि खिसा हवा. आतून. डावीकडे."
काय ठेवणार त्यात, ते तिलाही माहीत नव्हतं.

चोरखिसा, मी म्हणालो.
त्याच्याकडे चोरजेब.
चोर दोन्हीकडे तोच.
तीन रात्री खिसे लावले आणि वाद घातला.
तो म्हणे, चिठ्ठी असेल.
मी म्हटलं, त्याच्या ग्रहावर लिहितात कशावरून?
मग किल्ली. मग कुणाचा तरी दुधाचा दात.
दोनशेव्या खिशानंतर तो बोलायचा थांबला.
त्याचा थोरला भाऊ कुठल्या बर्फात राहिला,
मला ठाऊक आहे.
माझा मामेभाऊ कुठल्या डोंगरावर होता, त्याला.
सन एकच.
"दोरा संपला," तो म्हणाला.
संपला नव्हता.

चौथा भाग दुकानातच पाहिला,
मोबाईल इस्त्रीला टेकवून.
खंदकात टेकबहादूर. जाळी काढलेली,
कानाजवळ डिंकाचा डाग.
हात आत जातो. टीप माझी, मी ओळखली,
शेवटाला जरा वाकडी जाते ती.
आणि बाहेर निघतो
आमचा खडू.
निळा, तिकोनी, एक कोपरा झिजलेला,
ज्याच्यावरून आम्ही दिवसभर अबोला धरला होता, तो.
त्याला कुणी काही सांगितलं नसणार.
तो बघत राहतो. वास घेतो.
बोटाला लागलेली निळी पूड
शेजारी झोपलेल्या शत्रूच्या बाहीला पुसतो,
हळूच, खोडी काढल्यासारखी.
मागे संगीत, उगाच मोठं.
मग पृथ्वीवाले येतात.

गुलफराजनं मोबाईल पालथा घातला.
दहावी वेळ, म्हणाला. बस.

कपडे परत आले, उसवलेले, न धुतलेले,
पुढच्या मोसमासाठी.
एकशे तेरा नंबरचा मी स्वतः उलटा केला.
खडू नव्हता.
वाळू होती, सूर्यफुलाच्या बियांची दोन टरफलं होती,
आणि अस्तरावर, बोट फिरवलं तर दिसेल इतकंच,
निळं.
झटकू का, मी विचारलं.
राहू दे, तो म्हणाला,
आणि वही काढून बिल परत एकदा लिहायला बसला:
खिशाला दीड दिरहॅम,
तीनशे खिसे,
बाकी.