गंधकाशिवाय

पिंपळनेरात मे महिन्यात
पत्र्याखालचं दूध दुपार गाठत नाही.
तरी पिंप आटल्या विहिरीत उतरवलं,
वर ओली गोणपाटं टाकत राहिलो.

लॅबवाला म्हणाला, चिमूटभर गंधक घाला,
निदान झोपेल तरी.

भिकनतात्यांनी पिंपाला कान लावला.
"जित्तं शे," म्हणाले,
आणि पायऱ्या चढून विडी पेटवली.

साठातल्या एकवीस बाटल्या आंबल्या.
केवळबाईंनी त्या लोणच्याला नेल्या.
बाविसावी उघडली तेव्हा आधी
गोठ्याचा वास, मग माती,
मग उशिरा, फार उशिरा
द्राक्ष,
गारपिटीतून वाचलेल्या तीन ओळींचं.

लेबलवर लिहिलं:
सावलीत ठेवा. लवकर प्या.
पुढच्या वर्षीचं सांगता येत नाही.

तात्यांनी बोट फिरवत वाचलं.
"मनं बी तसंच शे."